एक म्हणण्याआधी

"एक!" उमाजींनी आकडा दिला, आणि शिखाचा उजवा हात हनुवटी सोडून पुन्हा डोक्यावर गेला.

सकाळपासूनची ही सातवी खेप. हनुवटी राखायला ठेवलेला हात नेमका ठोसा मारायच्या वेळी वर जायचा, कपाळापाशी काहीतरी चाचपायचा आणि ओशाळून खाली यायचा. तोवर डाव्या हाताच्या पंचातला जीव गेलेला असायचा. कणीक मऊ झाली का बघावं तसा तो उमाजींनी धरलेल्या पॅडवर टेकायचा.

"सूनबाई, डोक्यावर माशी बसते का?" उमाजी वैतागले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बिर्लानगरच्या या हॉलमध्ये बॉक्सिंग शिकवताना सगळ्यांना अरे-तुरे करी. सुनेला मात्र घरातल्यासारखंच इथेही 'तुम्ही'. "उद्या तुमच्यासमोर बारा मुली उभ्या राहणार आहेत. तुमचं बघूनच शिकणार आहेत त्या."

त्या बारा मुलींचाच तर सगळा प्रश्न होता. शिकवायला बाई असेल तरच पाठवू, असं त्यांच्या आयांनी निक्षून सांगितलं होतं. बाई आणायची कुठून? उमाजी आठवडाभर तोंड पाडून बसले होते. शेवटी चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला, "आबासाहेब, मी शिकले तर?" म्हातारा इतका हरखला की रात्री दोन पोळ्या जास्त जेवला. पहिला आठवडा नुसत्या जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा, पुढचं रोज संध्याकाळी सुनेला शिकवू, असा त्यांचा बेत होता. पण तो एक जॅबच येईना. आज जमलं नाही, तर उद्या मुलींना दारातूनच परत पाठवावं लागणार होतं.

उमाजींनी पॅड सावरलं. "डावा पाय पुढे. खांद्यातून सोडा, शेवटी मूठ वळवा, आणि गेल्या वाटेनेच हात परत. उजव्याने मात्र हनुवटी सोडायची नाही, काय वाटेल ते होवो." ते खाकरले. "एक!"

उजवा हात डोक्यावर.

"अहो, काय शोधता तिथे?"

शिखा जमिनीकडे बघत राहिली. अंगात ट्रॅकपँट आणि नवऱ्याचा जुना टी-शर्ट. "पदर," ती हळूच म्हणाली. "तुम्ही खाकरता ना, आबासाहेब. फिर हात अपने आप वर जातो."

उमाजींनी पॅड खाली केलं. शिखा लग्न होऊन आल्यापासून, अकरा वर्षं, ते घरात शिरताना उंबरठ्याशी थांबून खाकरत आले होते. त्यांचे वडील खाकरत, आजोबा खाकरत. सुनेने पदर तोंडावर ओढून घ्यावा, मगच सासऱ्याने आत पाऊल टाकावं. यात आपण तिचा मान राखतो, असंच त्यांना वाटत आलं होतं. आकडा देण्याआधी घसा साफ करायची सवय तर फौजेतली. ती इथे अशी आडवी येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

"आता नाही खाकरणार," ते म्हणाले. "आणि खाली नका बघू. पॅडकडेही नको. बॉक्सर समोरच्याच्या डोळ्यांत बघतो."

"तुमच्या?"

"इथे दुसरं आहे कोण?"

शिखाने मान वर केली. ती अर्ध्यावर अडली, थोडी थांबली, मग पूर्ण वर आली. उमाजी बघतच राहिले. नको नको म्हणताना ते सवयीने खाकरलेच.

शिखाचा उजवा हात या वेळी हनुवटीशीच राहिला. 'एक' म्हणायच्या आधीच डावा सुटला. पॅड वर धरायचं उमाजी साफ विसरले होते. पंच थेट त्यांच्या ओठावर बसला.

"हे भगवान! आबासाहेब!" शिखा पुढे धावली. ग्लोव्ह घातलेल्या हातांनी त्यांचं तोंडही पुसता येईना, तशी ती रडायलाच लागली.

उमाजींनी जिभेने ओठ चाचपला. थोडं रक्त होतं. ते जोरजोरात हसू लागले. "असंच! उद्या मुलींना अगदी असंच शिकव." मग हसू ओसरलं आणि ते तिच्याकडे पुन्हा एकदा नीट बघत म्हणाले, "आणि काय गं, तुझे डोळे घारे आहेत! अकरा वर्षांत मला कळलंच नाही."

"कळणार कसं?" शिखा रडता रडता हसली. "तुम्ही दाराशीच खाकरत होता ना."