आजेसासूबाईंचं पांढरं

"शी! पुन्हा तोच वास," म्हणत सुनेने पदर नाकाला लावला, पण ढवळणं थांबवलं नाही. थांबवलं की गुठळ्या, आणि गुठळ्या झाल्या की सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू.

पातेल्यात पांढरं शिजत होतं. त्याला दुसरं नावच नव्हतं. आजेसासूबाईंच्या वहीत वर ठळक अक्षरांत 'पांढरं' एवढंच, आणि खाली प्रमाण: चार वाट्या मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी, उतरवताना दोन थेंब लवंगेचं तेल. साखरेचा पत्ता नव्हता. "लिहायची विसरल्या असतील बिचाऱ्या," म्हणून सासूबाईंनी ती पदरची घातली.

सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांची सासू जाऊन वर्ष झालं होतं. माणूस पाहायलाच मिळालं नाही, वही तेवढी हाताला लागली. त्या माउलीच्या हातची एक तरी चव घरात राहावी, म्हणून चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला हेच. सासऱ्यांनी पहिल्यांदा वाटीकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं म्हणे. पण नव्या नवरीने इतक्या आशेने पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने वाटी संपवली. मग मरेपर्यंत तशीच संपवत गेले.

आणि चव? देवा रे देवा! घास टाळूला जो चिकटायचा तो बोटाने खरवडावा लागायचा. तुरटीने तोंड आवळायचं. मागून लवंगेचा तो दाताच्या दवाखान्यातला वास. सुनेला नुसत्या आठवणीने मळमळायचं. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर म्हणाला, "लहानपणापासून खातोय. मेलो का?"

गेल्या वर्षी लेकीने फ्रॉकवरच ओकारी काढली. सासूबाईंनी तोंड पुसलं आणि वर आणखी एक चमचा भरवला. "पणजीच्या हातचं असं टाकतात का गं?" सुनेचा जीव तिळतिळ तुटला होता. आज लेकीला सहावं लागत होतं आणि सकाळपासून ती न्हाणीघरात कडी लावून बसली होती.

"मला मोठं व्हायचंच नाही," आतून आवाज आला.

तेव्हा मात्र सुनेने ठरवलं, आज आर की पार.

"आई, ही चव आजेसासूबाईंचीच कशावरून?"

"वहीत आहे!"

"वहीत साखर नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. हा काटा त्यांनाही चाळीस वर्षं सलत होता.

"आज बाइंडरकाका जेवायला येतायत," सून म्हणाली. "आजेसासूबाईंच्या हाताखाली वाढलेला तो एकच माणूस उरलाय. काका म्हणाले ही ती चव नाही, तर पांढरं आजपासून बंद."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर मी जन्मभर करीन. पोरीलाही शिकवीन." बोलून गेली आणि तिची तिलाच शिसारी आली.

बाइंडरकाका आले. घराखालच्या कारखान्यात ते पोरवयात कामाला लागले होते. सासूबाई या घरात येण्याआधीच कारखाना बंद पडला, तसे ते परगावी गेले, ते आज उगवत होते. जेवणं झाली. लेकीला कसंबसं बाहेर काढून पाटावर बसवलं. सासूबाईंनी काकांपुढे वाटी ठेवली आणि हात जोडल्यासारखे मांडीवर घेतले.

"तुमच्या काकूंचं, आमच्या सासूबाईंचं आहे. ओळखता का बघा."

काकांनी चमचा बाजूला सारला. वाटीत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, ताणून तार पाहिली. हुंगलं. आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"तेच, वहिनी. तंतोतंत! एक गुठळी नाही. अहो, लवंगेचं तेलसुद्धा!"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. लेकीने आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"रोज सकाळी काकू पातेलंभर करून खाली पाठवायच्या," काका रंगात आले. "आम्ही सात जण जिन्याकडे डोळे लावून बसायचो. हे आल्याशिवाय कामाला हात म्हणून लागायचा नाही."

"ऐकलंस? सात जण!" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आणि एवढ्याशा पातेल्यात पुरायचं हो सगळ्यांना?"

"पुरायचं म्हणजे काय! एवढ्या खळीत दोनशे वह्यांचे पुठ्ठे बसायचे," काका म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर केल्या. "बरं, आज काय चिकटवायचंय?"