हिमांशूच्या वाट्याचं ऊन

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात डिसेंबरभर सूर्य उगवतच नाही, हे कळलं तेव्हा केशोरी गावच्या उमेंद्रला फार बरं वाटलं. धाकट्या भावाला, हिमांशूला, तिथं नोकरी, गाडी, गोरी बायको, सगळं मिळालं होतं. ऊन तेवढं आपल्याकडे होतं.

पण आई यशोदाबाई रोज दुपारी अंगणात व्हिडिओ कॉल लावून फोन सूर्याकडे धरायची. "घे बापू, तुह्या वाट्याचं."

"आई, वावराच्या वाटणीत ऊन धरलं नव्हतं," उमेंद्र धुसफुसायचा.

"तुले काऊन जळते? तुह्यासाठी उरतेच ना."

आठवडाभरात उमेंद्रच्या अंगणातलं धान वाळेनासं झालं. शेजारच्या ताराचंदचं खडखडीत वाळलं होतं.

आज उमेंद्रनं फोन हिसकावून घेतला. पडद्यावर हिमांशू डोळे बारीक करून बसला होता आणि त्याच्यामागं भिंतीवर पिवळंधमक ऊन पडलं होतं. त्या उन्हात कुणाची तरी सावली होती. उमेंद्रनं डोकं खाजवलं. सावलीनंही खाजवलं.

त्यानं खाली पाहिलं. अंगणात आईची सावली होती, कोंबडीची होती. त्याची नव्हती.

"दादा," हिमांशू म्हणाला, "जरा बाजूले सरक ना. ऊन अडवून राहिला तू."