दाराएवढा

दाराएवढा कागद ट्रेमध्ये पसरेना, म्हणून मोरीतल्या तांबड्या उजेडात नवराबायको दोन टोकं धरून तो रसायनातून खालीवर ओढत होते. फोटोच्या कागदाच्या रोलमधला हा शेवटचा तुकडा. तिची नजर विझत चाललेली. गेलेल्या लेकाचा उभा, पुरा फोटो "मला दिसेल एवढा करा" म्हणाली होती.

चेहरा उमटला. केस, ओठ, हनुवटीवरचा व्रण.

"काढू? नाहीतर काळा पडेल."

"थांबा हो, मला अजून नाही दिसला."

आणखी थोडं.

आणखी.

ओठ काळवंडले, मग कपाळ. तिला 'दिसणार नाही' म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो ओढत राहिला.

शेवटी काळाकुट्ट कागद त्याने दाराला टांगला. टाचा उंचावून तिने वरची कड चाचपली.

"उंची बरोबर आलीय हो त्याची."