पर्सीमामाचा टोस्ट

"लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. मग लुक आफ्टर म्हणजे नंतर बघणं का नाही?" पर्सीने वही टेबलावर आपटली. सुमतीबाईंचा चहा बशीत सांडला.

"सांभाळणं," बाई थंडपणे म्हणाल्या. "भाचीला तुम्ही सांभाळलंत ना, ते. क्रियापद सोपं असतं हो पर्सी, त्याच्या शेपटाकडे लक्ष द्या. शेपूट बदललं की जनावर बदलतं."

त्या जनावराला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडून पर्सी ठाण्याला परत निघाला. बासष्ट वर्षांचा माणूस. खोपटच्या डेपोत पस्तीस वर्षं एसटीची इंजिनं खोलली आणि आता ठाकुर्लीला एका निवृत्त शिक्षिकेकडे चोरून इंग्रजी शिकायला येत होता. चोरून, कारण नाव ऐकलं की सगळे धरूनच चालायचे, याला इंग्रजी येतं. ख्रिश्चन ना? मग घरात इंग्रजीच बोलत असणार! त्याच्या घरात पणज्यापासून मराठी बोलत होते आणि तो शिकला नगरपालिकेच्या मराठी शाळेत, पण सांगायचं कुणाकुणाला? बँकेतला कारकूनसुद्धा पासबुकावरचं नाव वाचून इंग्रजीत सुरू व्हायचा. पर्सीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खरा राग मात्र घरच्यांवर होता. आठ दिवसांवर लॉराचं नीलशी लग्न आलं होतं. लॉरा त्याची भाची. ती तीन वर्षांची असताना तिचा बाप गेला, बहीण ॲडेलिन माहेरी आली आणि पोरीला वाढवलं पर्सीने. त्यांच्यात लग्नाच्या पार्टीत केक कापला की घरचा एक मोठा माणूस ग्लास उंचावतो आणि नवरा-नवरीबद्दल पाच मिनिटं बोलतो. त्याला टोस्ट म्हणतात. लग्नातली गाणी मराठीत, भांडणं मराठीत, टोस्ट तेवढा इंग्रजीत. कुणी ठरवलं, देव जाणे. लॉराचा टोस्ट मामा घेणार, हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं. शेजारच्या ब्रँडनने त्याला भाषण देवनागरीत लिहूनही दिलं होतं. पण पर्सीला पोपटपंची करायची नव्हती. जे बोलेन ते कळून बोलेन, हा हट्ट. म्हणून तीन महिने ठाकुर्ली.

आणि पंधरा दिवसांपूर्वी ॲडेलिन म्हणाली, "पर्सी, टोस्ट ब्रँडनला देऊया का रे? नीलच्या घरचे वांद्र्याचे. फाडफाड बोलतात ते."

लॉरा तिथेच बसलेली. मोबाइलमध्ये डोकं घालून बोटं चालवत राहिली. पोरीनेच आईला पुढे केलंय, हे पर्सीने ओळखलं. ज्याच्या खांद्यावर बसून चर्चच्या सणाची, फेस्ताची मिरवणूक बघितली, त्या मामाची आता होणाऱ्या नवऱ्यासमोर लाज वाटते! तेव्हापासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता. शब्द मात्र इरेला पेटून पाठ करत होता.

घरी आला तेव्हा लॉरा आतल्या खोलीत फोनवर होती. दार उघडंच होतं. मामाला इंग्रजी कळत नाही, मग दार लावायचं कशाला? ती नीलशी भांडत होती आणि आवाज चांगलाच चढला होता. पर्सी चपला काढता काढता थांबला. एरवी असलं बोलणं त्याच्या कानांवरून नुसतं वाहून जायचं. आज त्यातले शब्द कळायला लागले.

"ही ब्रॉट मी अप, नील!"

याने मला वाढवलं.

"युवर डॅडी कॅन पुट अप विथ हिज इंग्लिश फॉर फाइव्ह मिनिट्स."

पाच मिनिटं मामाचं इंग्रजी सोसायला तुझ्या बापाचं काय जातं.

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी दातओठ खात म्हणाली, "देन लिसन. इफ मामा डझन्ट रेझ द टोस्ट, आय ॲम कॉलिंग ऑफ द वेडिंग."

कॉल ऑफ. हाक मारणं नव्हे. रद्द करणं. मामाने टोस्ट घेतला नाही तर लग्न मोडणार.

पर्सी खुर्चीत बसला. पंधरा दिवस पोर त्याच्यासाठी एकटी भांडत होती. त्या दिवशी मोबाइलवरही हेच चाललं असणार. आणि ॲडेलिन बिचारी घाबरून मध्ये पडली होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नीलच्या बापाची तर गचांडी धरावीशी वाटली. पण नीलचं नाव निघालं की पोरीचा चेहरा कसा उजळतो, ते त्याने चार वर्षं बघितलं होतं. लॉरा हट्टी होती, बोलली ते करणारी. तिला हट्टी त्यानेच केलं होतं, माघारही आता त्यालाच घ्यावी लागणार होती.

ती बाहेर आली. डोळे पुसलेले. "आलास मामा? टोस्ट पाठ झाला?"

"टोस्ट ब्रँडनला दे."

"काय?"

"मला नाही जमायचं. त्या लोकांसमोर पाय लटपटतील."

लॉराचा चेहरा लाल झाला. "आता सांगतोस? आठ दिवस राहिलेत! तुला माहितीये, तुझ्यासाठी मी कोणाकोणाशी..." तिने वाक्य गिळलं आणि मग उसळलीच. "भित्रा आहेस तू, मामा! मला वाटलेलं, एक माणूस तरी माझ्यासाठी उभा राहील. लाज वाटते मला तुझी!"

पर्सीने मान खाली घातली.

"काय करू गो," तो म्हणाला, "इंग्रजीतलं एक अक्षर कळत नाही मला."