पहिली चार रिळे

सतरा नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. अभिलेखागाराच्या चित्रपट विभागातील लांब टेबलावर अकरा रिळे क्रमाने मांडून ठेवली होती. दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाचे ते घरगुती चित्रण होते. त्यावर हक्क असलेली एकच व्यक्ती आता हयात होती, आणि ती जिना चढत होती.

"सत्तरीतल्या बाईंना चिमणी म्हणायचं कसं हो?" संचालिकेने हळूच विचारले.

"चिमणीताई म्हणा," तंत्रज्ञ डब्यांची झाकणे पुसत म्हणाला. "अख्ख्या देशानं ठेवलेलं नाव. आपण कोण बदलणार?"

नाव खरोखरच देशाने ठेवले होते. राष्ट्राध्यक्षांची एकुलती एक मुलगी सहाव्या वर्षी तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा शाळाशाळांतून तिच्यासाठी प्रार्थना झाल्या. पाच महिने ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही. मग एके सकाळी केस कापलेली, ओळखू येऊ नये इतकी वाळलेली मुलगी वडिलांचे बोट धरून सज्जात आली, आणि खाली रस्त्यावर मोठी माणसे रडली.

या रिळांवर तंत्रज्ञाने दोन वर्षे घालवली होती. त्याच्या निवृत्तीला महिना उरला होता. चिमणीताईंची सही मिळाली तर प्रदर्शन उघडणार होते. नाही मिळाली तर डबे पुन्हा थंड कोठडीत जाऊन तिथेच सावकाश कुजणार होते.

ताई आल्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि चष्मा पदराने पुसला.

"मला पहिली चारच दाखवा," त्या म्हणाल्या. "ती मी कधी पाहिली नाहीत."

"एकही नाही?"

"बाबांच्या कपाटाला कुलूप असायचं. पुढची सात काय, सगळ्यांनीच पाहिली आहेत. मला तर पाठ आहेत."

"पहिली चार साहेबांनी स्वतः घेतलेली," तंत्रज्ञ म्हणाला. "तुमच्या आजारपणानंतर त्यांनी कॅमेरा हातात धरलेला दिसत नाही. पुढचं सगळं सरकारी छायाचित्रकाराचं."

"नाही धरला," ताई म्हणाल्या.

खोलीत अंधार झाला. पडद्यावर बाग उजळली. पाच वर्षांची एक मुलगी फरशीवर खडूने घर काढत होती. तिची आई शेजारी गुडघे टेकून बसली होती. खडू तुटला, दोघी खदखदून हसल्या, आणि आईने तिला उचलून इतके घट्ट धरले की दोघींचे चेहरे एकमेकींत हरवून गेले.

"पुढच्या सातांत बाईसाहेब अशा हसलेल्या नाहीत," संचालिका म्हणाली. "सारख्या हात बांधून उभ्या. पदाची शिस्त म्हणायची, दुसरं काय!"

ताईंची नजर मुलीच्या हातावर होती. त्यांनी विचारले, "खडू उजव्या हातात कसा?"

तंत्रज्ञाचा चेहरा खुलला. "अहो, तेच तर माझं काम! ही चार मूळ फिल्म नव्हे, प्रती आहेत. प्रत काढताना फिल्म उलट्या बाजूनं लागली की डाव्याचं उजवं होतं. या चारांत सगळं डाव्या हातानं चाललं होतं आणि पुढच्या सातांत सगळं उजव्या. चौकटीत कुठे अक्षर नाही, घड्याळ नाही. मग हाताच्याच पुराव्यावर चारही फिरवली आणि सुतासारखी सरळ केली."

"कोणाला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? आत्ता चष्मा पुसलात तोही उजव्याच हातानं."

संचालिका हसली. ताई हसल्या नाहीत.

"होती तशी करा," त्या म्हणाल्या. "तरच सही करीन."

"ताई, चाळीस वर्षं मी हेच करत आलो," तंत्रज्ञ दुखावून म्हणाला. "लोक विचारतील ना, इथे डावखुरी आणि तिथे उजवी, हे कसं?"

"विचारू देत. इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही." त्यांचा आवाज खाली आला. "काम तुमचं चोख आहे हो. म्हणूनच भीती वाटली. अजून थोडं चोख केलं असतंत, तर काहीच उरलं नसतं."

तंत्रज्ञ उठला. यंत्रावर बाजू बदलणे काही क्षणांचे काम होते. बाग पुन्हा उजळली. मुलीने खडू डाव्या हातात घेतला आणि एका झटक्यात घराचे छप्पर ओढले.

ताई पुढे वाकल्या. मांडीवरचा त्यांचा डावा हात हवेत तसेच छप्पर काढू लागला. बोटे अडखळली, रेघ वाकडी गेली. त्यांनी हात मिटून घेतला.

"पाच महिने घोटून घेतलं," त्या म्हणाल्या. "नाहीच जमलं."

दुखणाईत पोरीकडून लिहिणे घोटून घ्यावे, ही संचालिकेला मोठ्या घरची तऱ्हा वाटली. तिने दिवा लावून संमतिपत्र पुढे सरकवले. ताईंनी सही केली.

"दारावरच्या फलकावर 'चिमणी : अकरा रिळे' एवढंच आहे," संचालिका म्हणाली. "आणखी काही घालायचं का?"

"पहिल्या चारांखाली तिच्या मृत्यूची तारीख घाला. मी सांगते. अजून ती कुठेच लिहिलेली नाही." ताईंनी काठी हातात घेतली. "आणि तो अकराचा आकडा खोडा. माझी सातच आहेत."