पेन्सिलीतली सही

“चष्मा आणलाय ना, मुकादम? मग करा सुरुवात,” साहेबांच्या बायकोनं चहाचा कप पुढं सरकवला.

बावीस वर्षांत त्याला कुणी मुकादम म्हटलं नव्हतं. आता तो दुसऱ्या शहरात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. तिथं तिचं पत्र आलं होतं. रविवारी चर्चमध्ये साहेबांच्या आयुष्याबद्दल आभाराची प्रार्थना आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंत, चार शब्द बोला. आदल्या दिवशी घरी येऊन वाचून दाखवा. पत्र हातात धरून तो बराच वेळ बसला होता. दुःख नव्हतं, राग होता. म्हातारा निसटला!

“पत्र वाचून वाईट वाटलं, वहिनी.”

“वाटणारच. बोलणंच गेलं हो शेवटी. तेवढं एक त्यांना फार छान यायचं.”

हसावं की नाही, हे न कळून त्यानं कागद उघडला. इंजिनिअरसाहेब म्हणजे शिस्त. चर्चचे दिवे स्वतः शिडीवर चढून बदलायचे. मुलीला सायकल शिकवताना मागून कोसभर धावले. जेवणाआधीची प्रार्थना कधी चुकली नाही.

“आमटी गार व्हायची,” ती म्हणाली. “पण चुकली नाही, हे खरं. संपलं?”

“संपलं.”

“छान आहे. आता तो दुसरा कागद काढा.”

“कुठला दुसरा?”

“आल्यापासून ज्या खिशावर हात ठेवलाय, त्यातला. इतक्या लांबून सायकलची गोष्ट सांगायला आलात होय?”

त्याची कानशिलं तापली. हा कागद तो थेट रविवारी, सगळ्यांसमोर काढणार होता. साहेबांच्या बायकोला आधी कळलं तर ती रडेल, पाया पडेल, आणि मग आपल्याच्यानं वाचून होणार नाही, याचीच त्याला भीती होती.

“वहिनी, नका ऐकू.”

“मोठ्यानं वाचा. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.”

तो उभा राहून वाचू लागला. साहेबांची एक पद्धत होती. काम पुरं होऊन भार चाचणी होईपर्यंत नकाशावर सही पेन्सिलीत. चाचणी झाली की तीच शाईनं गिरवायची. चर्चमध्ये गाणाऱ्यांसाठी गॅलरी बांधायची होती. साहेबांनी तुळईतल्या सहा सळ्यांच्या चार केल्या. मुकादम म्हणाला, कमी पडतील. साहेब म्हणाले, सही माझी आहे ना? चाचणीच्या आदल्या दिवशी गॅलरी खाली आली. गाणारे चहा पीत रेंगाळले होते, म्हणून वाचले. चौकशीत नकाशा निघाला तेव्हा त्यावर साहेबांची सही नव्हती. फक्त मुकादमाची होती, नकाशा मिळाल्याची, शाईतली.

नोकरी गेली. ते सोसलं असतं. पण पुढं वर्षभर दर रविवारी साहेब चर्चमध्ये उभे राहून त्याचं नाव घेऊन म्हणायचे, आपल्या चुकलेल्या भावासाठी प्रार्थना करू या. त्याची बायको मान खाली घालून बसायची. वर्षाच्या शेवटी ती म्हणाली, आता नको इथं. त्यांनी शहर सोडलं.

“खोडण्याआधी काढलेली नकाशाची प्रत मला नऊ वर्षांनी घरच्याच कपाटाच्या फळीवर अंथरलेली सापडली,” त्यानं वाचलं. “तोवर साहेब चर्चचे कारभारी झाले होते. माझं कोण ऐकणार?” त्यानं घडी उलगडून प्रत टेबलावर ठेवली. सही फिकट होती, पण होती.

तिनं प्रत जवळ ओढली. रडली नाही.

“गॅलरी पडली त्या दुपारी ते इथंच बसले होते, याच टेबलापाशी. खोडरबराचा चुरा मी फडक्यानं पुसला. काय खोडताय विचारलं, तर म्हणाले, कुटुंबासाठी करतोय. नंतर वर्षभर त्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली आणि मी शेजारी उभी राहून आमेन म्हटलं. तेव्हा माझी जीभ का नाही झडली, देव जाणे.”

“तुम्हाला माहीत होतं?” त्याचा आवाज चिरकला. “बावीस वर्षं?”

“होतं. म्हणून तर पत्र लिहिलं.”

“आता काय उपयोग, वहिनी? माणूसच राहिला नाही. मेलेल्याला काय लाज!”

“मेलेल्याला?” ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून तिनं आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारला.

दाराशीच चाकाच्या खुर्चीत साहेब बसले होते. दाढी घोटलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे सताड उघडे, आणि ओले.

“मान वळवता येत नाही त्यांना,” तिनं वाकून त्यांची कॉलर नीट केली. “उद्या खुर्ची अगदी तुमच्यासमोर लावते.”