तानूबाईचे हात

तानूबाईची पार्वती, पार्वतीची द्वारका आणि द्वारकेची ही अनसूया, घराणेच सुईणींचे. तानूबाईच्या हातांची हालचाल न् हालचाल टिपलेले यांत्रिक मोजे आता अनसूयेचे हात चालवत, म्हणून घरी बाळंत होऊ पाहणाऱ्या बायका तिलाच बोलावत.

ईश्वरीचे बाळ निळे पडून जन्मले, रडेना. मोजे क्षणभर थबकले आणि बाळाच्या तोंडावर फडके ओढू लागले.

“अगं, जिवंत आहे ते!” ईश्वरीची आजेसासू ओरडली.

अनसूयेच्या ध्यानात आले: अशी मुले पणजीने गेलीच समजून गुंडाळली होती. मोज्यांना त्यापुढचे ठाऊकच नव्हते. तिने ते ओरबाडून काढले, बाळाच्या नाकातोंडावर ओठ टेकून हलकेच श्वास फुंकला. पुन्हा फुंकला. बाळ रडले.

आजेसासूने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. “तानूबाईनं माझा भाऊ असाच गुंडाळून आईच्या हाती दिला होता, पोरी. आज तुमच्या घराण्यानं त्याची पुरती फेड केली.”